ध चा घ

मराठी मुद्रितशोधकाला काही अक्षरांचे वैर जन्मभर पुरते. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व. घच्या माथ्यावरून शिरोरेघ अखंड जाते. धच्या डाव्या अंगाला ती तुटते आणि त्या मोकळ्या जागेत एक लहानशी गाठ वळते. सगळा भेद त्या केसाएवढ्या मोकळ्या जागेचा. आनंदीबाईने ‘धरावे’चे ‘मारावे’ केले ही आख्यायिका इतिहासाच्या कसोटीला उतरो न उतरो, नारायणरावाच्या 1773 मधील खुनाबरोबर ती भाषेत कायमची राहून गेली आहे. छापखान्यात मात्र धचा मा सहसा होत नाही. तेथे धचा घ होतो, आणि त्याच्या मुळाशी कारस्थानाऐवजी दमलेला हात असतो.

ज्यांच्याविषयी हे लिहावयाचे ते गृहस्थ हैदराबादेत, काचीगुड्याजवळ, मुलीच्या घरी राहतात. वय ऐंशीच्या पलीकडे. 1966 साली ते पुण्यातील एका छापखान्यात मुद्रिते तपासू लागले, तेव्हा मराठी महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम येऊन चार वर्षे झाली होती. जुन्या वळणाच्या लेखकांच्या हस्तलिखितांतून व्युत्पत्तीपुरते उरलेले अनुच्चारित अनुस्वार तांदळातल्या खड्यांसारखे वेचून काढणे हेच त्यांचे पहिले काम झाले. 1972 साली आणखी चार नियमांची भर पडली. खिळे जुळवणाऱ्यांची पिढी त्यांच्यासमोर आली आणि त्यांच्यासमोरच गेली. शिकाऊ मुलांना ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत: ज्याला वाचण्याची गोडी लागली त्याने मुद्रिते तपासू नयेत. वाचणारा डोळा दोन अक्षरे पाहतो आणि तिसरे कल्पनेने भरतो. म्हणून अवघड पानांवर ते ओळ उजवीकडून डावीकडे तपासत. अर्थ आड येत नसे.

अशा माणसाच्या नेमक्या पीतबिंदूला वार्धक्याने गाठावे, यात काही योजना शोधू नये. तो आजार लक्षावधींना होतो. दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेला हा जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा प्रदेश. वाचन, चेहऱ्यांची ओळख, सुईत दोरा ओवणे, ही सारी बारीक कामे त्याच्याकडे. तो झिजला म्हणजे माणूस आंधळा होत नाही. खोलीचे कोपरे दिसतात, दाराची चौकट दिसते. ज्या वस्तूकडे पाहावे तेवढीच नाहीशी होते. पुष्कळदा तेथे काळा डागही जाणवत नाही, कारण मेंदू आजूबाजूच्या रंगाने ती पोकळी सारवून टाकतो. कधी तो याहूनही पुढे जातो. जिनीव्हाच्या शार्ल बोने याने 1760 साली आपल्या आजोबांची हकीकत लिहिली. दृष्टी मंदावलेल्या त्या वृद्धाला माणसे, पक्षी, इमारती दिसत, आणि त्या तेथे नाहीत हे त्याला पक्के ठाऊक असे. काचीगुड्याच्या या मुद्रितशोधकांना कोऱ्या भिंतीवर कधीकधी अक्षरांसारख्या ओळी दिसतात. त्या वाचता येत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे.

2016 च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमात अशा माणसांना ‘अल्पदृष्टी’ या सदरात जागा आहे: उपचार आणि चष्मा यांनंतरही चांगल्या डोळ्याची दृष्टी 6/18 पासून 3/60 पर्यंत. म्हणजे इतरांना जे साठ मीटरवरून दिसते ते दिसण्यासाठी तीन मीटरवर यावे लागते, तेथे या सदराची खालची सीमा. अप्पा (घरात त्यांना हेच नाव आहे) या दोन आकड्यांच्या मधल्या पट्टीत राहतात. काठी घ्यावी तर लोक रस्ता ओलांडून देतात. न घ्यावी तर ओळखीची माणसे शेजारून गेल्यावर गर्विष्ठ म्हणतात.

त्यांची मुलगी त्यांना एका नेत्ररुग्णालयाच्या अल्पदृष्टी विभागात घेऊन गेली ती ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’चा चष्मा दाखवावयास. मराठीत त्याला ‘संवर्धित वास्तव’ म्हणू लागले आहेत. शब्द थोडा खतासारखा वाटतो, पण चालेल. कल्पना नवी नाही. आयव्हन सदरलँड याने 1968 साली डोक्यावर चढवण्याचा पडदा बनवला होता. त्याची यंत्रणा छतावरून टांगलेली असल्यामुळे तिला डॅमॉक्लिसच्या तलवारीचे नाव पडले. नाव रूढ झाले ते बोइंग कंपनीच्या टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांच्या 1992 मधील निबंधाने. त्यांना विमानातील तारा जोडणाऱ्या कामगारांच्या डोळ्यांसमोर आराखडा उभा करावयाचा होता. क्षीणदृष्टीच्या माणसांसाठी जॉन्स हॉपकिन्समध्ये रॉबर्ट मॅसॉफ यांनी नासाच्या सहकार्याने केलेले शिरस्त्राण 1994 साली बाजारात आले. ते जड होते आणि जग कृष्णधवल दाखवी. बॉस्टनचे इलाय पेली यांनी मात्र मोठे करण्याच्या पलीकडचा विचार केला: ज्यांची दृष्टी बोगद्यासारखी अरुंद झाली आहे त्यांना भोवतालच्या दृश्याची फक्त बाह्यरेषा, लहान करून, उरलेल्या दृष्टीवर अंथरून द्यावी. जगावर जगाचाच एक टाचणवजा नकाशा!

या चष्म्यांच्या दोन जाती आहेत. एकीत डोळ्यांपुढे पडदेच असतात आणि समोरचा कॅमेरा टिपेल तेच दिसते. दुसरीत काच पारदर्शक असते आणि खऱ्या दृश्यावर प्रकाशाच्या रेघा पडतात. ही दुसरी जात हलकी, माणसाला जगापासून न तोडणारी. पण तिला काळा रंग रेखाटता येत नाही, कारण प्रकाशात प्रकाशाची भरच घालता येते. उन्हात तिच्या रेघा विरून जातात. येथे बोर्हेसची आठवण होणे अपरिहार्य आहे. 1955 साली अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक झाला तेव्हा त्याची वाचण्यापुरती दृष्टी संपत आली होती. 1977 च्या एका व्याख्यानात त्याने सांगितले की आंधळ्याच्या वाट्याला काळोख येतो हा डोळसांचा समज आहे. त्याला काळा रंगच उरला नव्हता, हिरवट-निळसर धुके होते, आणि अखेरपर्यंत सोबत राहिला तो पिवळा. जपानमध्ये सेइइची मियाके यांच्या कल्पनेतून 1967 साली ओकायामात पदपथावर बसवलेल्या उंचवट्यांच्या फरशा पुढे जगभर पिवळ्या रंगातच अधिक पसरल्या. अल्पदृष्टी विभागाच्या जिन्यालाही प्रत्येक पायरीच्या कडेवर पिवळी पट्टी होती. अप्पा तिच्या आधाराने कोणाचा हात न धरता चढले.

तेथील तरुण तंत्रज्ञाने त्यांना पहिल्या जातीचा चष्मा चढवला. आधी त्याने मुलीकडे पाहावयास सांगितले. अप्पांनी सवयीने नजर तिच्या कानाकडे नेली, कारण बाजूने पाहिले तरच काही दिसते. मग हळूहळू समोर आणली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “केस एवढे पांढरे कधी झाले गं?”

“झाली की चार वर्षं, अप्पा,” ती म्हणाली.

मग तंत्रज्ञाने यंत्राची दुसरी करामत दाखवली. वर्तमानपत्र समोर धरले की कानात एक आवाज ते मराठीतून वाचून दाखवी. उच्चार परका, पण स्वच्छ. अप्पांनी अग्रलेख शेवटपर्यंत ऐकला, आणि एकच प्रश्न विचारला: चुकीचे छापलेले असेल तर हा चुकीचे वाचतो का? प्रश्न त्या मुलाला नीट कळला नाही. तो कौतुकाने म्हणाला, “नाही सर, अक्षर पुसट असलं तरी तो बरोबर शब्द ओळखतो.”

यंत्राचा हा गुण खरा आहे. मजकूर ओळखणाऱ्या अशा प्रणाली अक्षराच्या आकाराबरोबर तेथे कोणता शब्द संभवतो हेही तोलतात. बहुतेकांचा त्यात लाभच आहे. पण अप्पांनी शिकाऊ मुलांना जो डोळा वापरू नका म्हणून बजावले होते, तोच डोळा त्यांना आता चांदीच्या ताटात मिळत होता.

भीष्मपर्वात व्यास धृतराष्ट्राला युद्ध पाहण्यासाठी दृष्टी देऊ करतात. तो नाकारतो, ज्ञातिवध पाहणे त्याला नको, ऐकणे चालेल. दिव्यदृष्टी संजयाला मिळते आणि राजाला वृत्तान्त. या नकारावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पुढे आश्रमवासिकपर्वात गंगेच्या पाण्यातून मृत पुत्र वर येतात तेव्हा मात्र तोच धृतराष्ट्र व्यासांनी दिलेल्या दृष्टीने त्यांना पाहतो. ज्यांना हयातीत कधी पाहिले नव्हते त्यांना. त्याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. युद्ध दुसऱ्याच्या तोंडून कळले तरी त्याला चालले. मुलगे कसे दिसतात, हे संजयाने सांगून भागले नसते.

अप्पांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. नातीच्या लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेचा तो नमुना होता. घरात सर्वांनी तो वाचून संमत केला होता आणि संध्याकाळी छापखान्याला तसे कळवावयाचे होते. यंत्राच्या आवाजाने तो अडखळता वाचला. नंतर अप्पांनी आवाज बंद करावयास सांगितला आणि अक्षरे मोठी करवून घेतली. इतकी मोठी, की पडद्यावर एका वेळी दोनच मावत. मान किंचित हलली की शब्द आगगाडीच्या डब्यांसारखा निघून जाई. ते शेवटच्या ओळीपासून उलटे निघाले. पंचवीस मिनिटे झाली. बाहेर पुढचा रुग्ण ताटकळत होता, मुलगी संकोचली होती, आणि तंत्रज्ञ, तो भला मुलगा, घड्याळाकडे न पाहण्याचा प्रयत्न करीत होता.

मधल्या ओळीत अप्पा थांबले. शिरोरेघ अखंड दिसत होती. पण कडा ठळक करण्याची सोय चालू होती, आणि ठळक झालेल्या रेघेनेच मधली फट बुजवली असेल हेही शक्य होते. यंत्राचा दोष छापखान्याच्या माथी मारणे त्यांच्या धर्मात बसत नव्हते. त्यांनी ती सोय बंद करावयास सांगितली. अक्षर फिके झाले, थरथरू लागले. त्यांनी नजर थोडी वर, थोडी डावीकडे नेली, आणि मग चष्मा कपाळावर सरकवून कागद मुलीपुढे धरला.

“हा शब्द वाच.”

“वधू.”

“वाचू नकोस. बघ.”

तिने कागद खिडकीपाशी नेला.