आजीला ट्रॉली, तुम्हाला पायऱ्या!

‘वीकेण्डला वणीला जाऊन येऊ’ म्हणणारा खरं तर वणीच्या पुढेच जातो. नाशिकहून दिंडोरी, वणी, मग नांदुरी. तिथून दहाएक किलोमीटरचा घाट चढला की सप्तशृंगगड. त्याच्याही वर, कड्याच्या पोटात, अठरा हातांची देवी. मध्ये सुमारे ५०० पायऱ्या.

या पायऱ्यांच्या वाटेवर छोटी दुकानं जगतात. दम लागला की माणूस थांबतो, थांबला की लिंबू सरबत घेतो, मग बांगड्या, कुंकू, पोरांना खेळणी. सगळा धंदा त्या धापेवर! २०१८मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. एक डबा वर जातो, तेव्हा दुसरा खाली येतो. काही मिनिटांत तुम्ही देवीपाशी, घामाचा थेंब नाही. सरकारने ‘बीओटी’वर करून घेतलेला प्रकल्प हा, टपरीवाला त्याच्याशी काय स्पर्धा करणार?

खाली नांदुरीतही तीच गत. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात घाटात खासगी गाड्या बंद, फक्त एसटी. गर्दी पाहता नियम बरोबरच आहे. पण जीपवाल्याचा सीझनही नेमका तोच ना!

ट्रॉली नको, असं गुडघे धरून बसलेल्या आजीसमोर म्हणून बघा. तिला खुशाल ट्रॉलीत बसवा. तुम्ही मात्र जिमची फी भरता, तेव्हा निदान उतरताना तरी पायऱ्यांनी या. खिशात सुट्टे पैसे ठेवा. आणि हो, पेढ्यांचा पुडा पिशवीच्या तळाशी, माकडं टपलेलीच असतात.