अब्बांच्या पावलांनी बोर्डी

सहलीला निघालेल्या प्रत्येक कुटुंबात सामान सांभाळणारे एक माणूस असते. आमच्या घरात ते काम अब्बांकडे असते. लोहगडला आम्ही पायऱ्या चढून वर गेलो, तेव्हा अब्बा पायथ्याच्या चहाच्या टपरीवर पिशव्या घेऊन बसून राहिले. मुरुडला जंजिरा पाहायला गेलो, तेव्हा डुलणाऱ्या होडीतून किल्ल्याच्या पायरीवर पाऊल टाकायचे आहे हे ऐकूनच त्यांनी किनाऱ्यावरून हात हलवला, "तुम्ही जाऊन या." रात्री मुले त्यांना मोबाइलवर फोटो दाखवतात. अब्बा चष्मा पुसून एकेक फोटो पाहतात आणि "माशाअल्लाह, छान आहे" एवढेच म्हणतात. त्या फोटोंत ते कुठेच नसतात.

त्यांचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी सांगितले आहे की चढउतार टाळा, पण सपाट जागेवर रोज चाला, चालणे सोडू नका. मीरा रोडच्या आमच्या गल्लीत चालायचे तर गाड्या, खड्डे आणि फुटपाथवरचे सामान यांतून वाट काढावी लागते. म्हणून या वेळी आम्ही हिशोब उलटा मांडला. आधी अब्बांचे गुडघे आणि मग जागा. अशी जागा शोधायची की जिथे कोणालाही मागे बसून राहावे लागणार नाही. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी आम्ही दोघे, दोन मुले, अब्बा आणि अम्मी असे सहाजण बोर्डीला निघालो.

बोर्डी हे डहाणू तालुक्यातले, गुजरातच्या सीमेजवळचे किनाऱ्यावरचे गाव. विरारच्या पुढे लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. तिथून बोर्डी सुमारे १७ किलोमीटर. एसटीही आहे आणि रिक्षाही मिळते. अगदी जवळचे स्टेशन घोलवड, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. त्यामुळे वेळ आधी पाहून निघावे. डहाणूहून येणारा रस्ता बराचसा समुद्राच्या कडेने आहे. एका बाजूला सुरूची झाडे, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. उंच इमारती दिसत नाहीत. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आणि कारखान्यांवर बंधने घातली. इथली हिरवळ टिकण्यात त्याचाही वाटा आहे.

शनिवारी सकाळी नाश्ता उरकून साडेआठच्या सुमारास आम्ही किनाऱ्यावर उतरलो. समोर पाणी नव्हतेच. ओहोटीने समुद्र इतका मागे गेला होता की धाकटा म्हणाला, "समुद्र कुठे आहे?" बोर्डीचा किनारा फार सपाट आहे. उतार इतका कमी की पाणी थोडे खाली गेले तरी वाळूचे मोठे मैदान उघडे पडते. वाळू काळसर, ओली आणि घट्ट. अब्बांनी काठी टेकवून पाहिली आणि चालायला लागले. चढण नाही, खड्डा नाही, हॉर्न नाही. आम्ही खूश झालो. मुले शिंपले वेचत पुढे, आम्ही मागे, असे करत बरेच आत गेलो.

चूक तिथेच झाली. परत वळलो तेव्हा आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये पाण्याचा एक लांब पट्टा चमकत होता. येताना तिथे नुसती ओल होती. सपाट किनाऱ्यावर भरतीचे पाणी समोरूनच येते असे नाही, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हते. वाळूत जो सखल भाग असतो तो ते आधी भरते आणि गुपचूप पाठीमागे येऊन उभे राहते. मुलांना त्याची गंमत वाटली. आमच्या मात्र पोटात गोळा आला. पाणी घोट्यापर्यंत होते, मग पोटरीपर्यंत आले. अब्बांचा एक हात आम्ही धरला, दुसरा अम्मींनी. काठी वाळूत रुतायला लागली. अब्बा काही बोलत नव्हते. ओठ तेवढे हलत होते.

तेवढ्यात किनाऱ्याच्या बाजूने एका बाईची हाक आली. डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण होती. ती हाताने उजवीकडे खूण करत होती, "इकडून नको, तिकडून या, तिकडे वाळू उंच आहे!" आम्ही तिच्या खुणेप्रमाणे थोडे बाजूला सरकलो. खरोखरच तिथे पाणी घोट्याच्या वर नव्हते. पाच मिनिटांत आम्ही कोरड्या वाळूवर होतो. अल्हम्दुलिल्लाह, कपडे भिजण्यापलीकडे काही झाले नाही. पण अब्बा खाली बसले ते बराच वेळ उठले नाहीत. "मी इथेच बसतो, तुम्ही फिरा," असे ते म्हणाले, आणि आमचा सगळा बेत पाण्यात गेला असे वाटले.

त्या मावशी पाटी खाली ठेवून शेजारी टेकल्या. अब्बांना म्हणाल्या, "चाचा, आज पौर्णिमा. आज उधाण आहे. दुपारी बारा-साडेबाराला पाणी पार सुरूच्या झाडांकडे येणार. सकाळी नऊला आत जातात का कोणी? संध्याकाळी या. तुम्ही चालाल तसे पाणी मागे जाईल."

मग त्यांनी आम्हाला किनाऱ्यावरचा जुना हिशोब सांगितला. चंद्राची जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप चढते आणि खूप उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी, तो भांग.

अब्बा लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी बोटांवर मोजले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या चांदाच्या तारखेवरही हा हिशोब बसेल की, ताई! आज चांदाची चौदावी." बसतोच. दोन्ही पंचांगे एकाच चंद्रावर चालतात. चांद दिसल्यावर आपला महिना सुरू होतो, म्हणून आपली तारीख तिथीपेक्षा साधारण एकाने मागे असते. चांदाच्या तारखेत एक मिळवायचा, पंधराच्या पुढे गेले तर पंधरा वजा करायचे आणि पाऊणपट घ्यायची. हा अंदाज आहे, त्यात तासाभराचा फरक पडू शकतो. त्यामुळे आत जाण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारणे हे सर्वांत चांगले. कॅलेंडर घरात टांगलेले असते आणि चंद्र डोक्यावर असतो, तरी आम्ही दोन्हींकडे न पाहता समुद्रात शिरलो होतो.

दुपारी मासळीचे जेवण झाले. किनाऱ्याच्या गावात आपल्यासारख्या कुटुंबांची ही सोय असते. मटण-चिकनची चौकशी करत बसावे लागत नाही, मासळी ताजी मिळते. जेवणानंतर आम्ही अब्बांना आग्रह केला नाही. असरची नमाज झाल्यावर त्यांनी स्वतःच काठी मागितली.

साडेचारला पाणी ओसरत होते. आम्ही पाण्याच्या कडेकडेने, किनाऱ्याला समांतर चालायला लागलो. सकाळचा धडा लक्षात होता, त्यामुळे आडवे आत शिरलो नाही. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि पोटऱ्या भरून येतात. पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर गुडघ्याला त्रास होत नाही. काही जागी चिखल होता, तिथून बाजूला झालो. दर दहा मिनिटांनी थांबायचे ठरवले होते. त्यासाठी एक घडीचे स्टूल घेतले होते. पहिल्यांदा अब्बा बसले. दुसऱ्यांदा म्हणाले, "राहू दे, पुढे बसू." तिसऱ्यांदा स्टुलावर अम्मी बसल्या.

सूर्य टेकायला आला तेव्हा आम्ही थांबलो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर किब्ला समुद्राकडेच येतो. ओल्या वाळूपासून दूर, कोरड्या जागी चटई टाकून आम्ही मगरिब पढलो. अब्बा स्टुलावर बसून पढले. सलाम फेरून मागे पाहिले तर पूर्वेला, चिकूच्या वाड्यांच्या मागून, चौदावीचा चांद वर आला होता. एका बाजूला मावळतीची लाली आणि दुसऱ्या बाजूला तो. मुलेसुद्धा गप्प झाली. परतताना घोळक्यात सर्वांत पुढे अब्बा होते. जाऊन-येऊन किती झाले असेल कोण जाणे, पण गेल्या कित्येक महिन्यांत ते एवढे चालले नव्हते.

रविवारी सकाळी घोलवडच्या बाजूला गेलो. वाड्यांमधले रस्ते अरुंद, सपाट आणि सावलीचे आहेत. चालण्यासाठी किनाऱ्यानंतरची ही दुसरी उत्तम जागा. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा, पण इथे असा रुजला की डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. लांब काठीच्या टोकाला जाळी बांधून फळ उतरवतात. ते झाडावर पिकू देत नाहीत. कठीण असतानाच काढतात, तीन-चार दिवसांत ते घरी पिकते. वाडीत शिरण्याआधी मालकाला विचारावे, फळाला हात लावू नये. विचारले की लोक आनंदाने दाखवतात. इथल्या वाड्या लावण्यात इराणी कुटुंबांचा मोठा हात आहे. इराणातून आलेली ही झरतुष्ट्री कुटुंबे इथल्या मातीत मुरली. त्यांच्याही पूर्वी आलेले पारशी बोर्डीच्या उत्तरेला संजाणला उतरले होते. पुढे संजाणवर संकट आले तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी जवळच्या बाहरोट डोंगरातल्या गुहांत लपवला आणि सुमारे बारा वर्षे सांभाळला. ज्यांना चढायची हौस आहे त्यांनी बाहरोटला जरूर जावे. आम्ही तो डोंगर खालूनच पाहिला. थोरलीने विचारले, "आपण का नाही जायचे?" आम्ही म्हणालो, "या वेळी सगळे बरोबर आहेत म्हणून."

बोर्डीतच सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल आहे, १९२० साली सुरू झालेले. आणि याच बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या बरोबर होत्या. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्या बालवाडी घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाडीची कल्पना त्यातूनच आली. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. हे सांगितल्यावर अम्मी म्हणाल्या, "मूल येत नसेल तर शाळेने जावे, बरोबर आहे." अब्बा हसले. त्यांना काय वाटले ते आम्ही विचारले नाही, पण आम्हाला कळले.

ज्यांना चढण झेपत नाही अशा माणसांना घेऊन बोर्डीला जायचे असेल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पावसाळा टाळावा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते. पाणी ओसरत असताना चालावे, चढायला लागले की किनाऱ्यावर यावे. जितके आत जाल तितकेच परत यायचे आहे हे आधी मोजावे, आणि दमण्याआधी वळावे. आणि वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा ठेवावा. पुढे धावायचे काम मुले करतातच.

घरी आल्यावर रात्री मुलांनी नेहमीप्रमाणे फोटो काढले आणि अब्बांसमोर धरले. अब्बांनी चष्मा पुसला. प्रत्येक फोटोत ते होते. काठी टेकलेले, पायजमा वर केलेले, एका फोटोत चांदाकडे बोट दाखवणारे. या वेळी ते "छान आहे" म्हणाले नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले, बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात चौदावी कोणत्या वारी येते, बघा जरा."