ऐकण्याची खतावणी

वाण्याचा हिशेब ठेवावा, दूधवाल्याचा ठेवावा. पण ऐकलेल्या गाण्यांचा हिशेब कोणी ठेवील, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. २००२ साली रिचर्ड जोन्स नावाच्या एका इंग्रज विद्यार्थ्याने ऑडिओस्क्रॉब्लर नावाचं खूळ काढलं. संगणकावर वाजलेलं प्रत्येक गाणं आपोआप टिपून ठेवायचं! तेव्हा ती हौस होती. आता फोनवर गाणी पुरवणाऱ्या कंपन्या ही वही आपण होऊन लिहितात. २०१९ साली आपल्या देशात आलेली स्पॉटिफाय तर वर्षअखेरीस रंगीबेरंगी गोषवारा हातात देते. आणि सबंध खतावणीच हवी असेल, तर ती अर्ज करून मागवता येते.

रेडिओ इतका चोंबडा नव्हता. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या बिनाका गीतमालेत अमीन सयानी पुढे गाण्यांना पायऱ्या देऊ लागले, त्या रेकॉर्डींचा खप आणि श्रोत्यांची पसंती पाहून. देशाला कोणतं गाणं आवडलं, एवढं त्यांना कळे. नवापुरात कोणाच्या ओट्यावर ते वाजलं, हे कळायला मार्गच नव्हता.

आमच्या घरची खतावणी माझ्या मुलाने मागवली. खातं माझं; पण माझा जुना फोन मी आईला दिला आहे, आणि त्यावरही तेच चालतं. ती इंग्रजी आकड्यांची चळत पाहून माझ्यासारखा मॅट्रिकवाला बिचकणारच. परंतु मास्तराला हजेरीपट वाचता येतो, आणि हा शुद्ध हजेरीपटच होता. गाण्याचं नाव, वाजल्याची वेळ, आणि किती वाजलं ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत! वेळ मात्र ग्रिनिचची. तीत साडेपाच तास मिळवायचे.

मिळवले, तो भीमसेनांचा अभंग रात्री २ वाजून १० मिनिटांनी वाजलेला निघाला. दुसऱ्या रात्री ३ वाजता. तिसऱ्या रात्री चाराला दहा कमी. सकाळी चहाच्या वेळी "झोप लागली का?" म्हटलं की "ढाराढूर!" म्हणणाऱ्या माझ्या आईचं हे रात्रीचं दप्तर!

बोईसरला डॉक्टरांकडे न्यावं, असं पहिल्यांदा मनात आलं. मग त्या वेळांकडे पुन्हा पाहिलं. दर रात्री सुमारे पन्नास मिनिटं पुढे, आणि पंधरवड्याने फिरून त्याच जागी. किनाऱ्यावरच्या माणसाला हे गणित शिकवावं लागत नाही. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. भिंतीवरच्या कॅलेंडराशी ताडून पाहिलं. आई भरतीला जागी होत होती.

वडिलांची होडी भरतीच्या पाण्यावर सुटे, आणि त्याआधी उठून आई भाकऱ्या थापी. असं तीस वर्षं चाललं. वडील जाऊन आता नऊ वर्षं झाली. पण पाणी चढू लागलं की तिचे डोळे उघडतात, आणि थापायला भाकरी नसते.

हे मला कळलं आहे, हे तिला सांगावं का? दुसऱ्याचं पत्र फोडू नये, असं मी वर्गात मुलांना सांगतो. पण हे पत्र माझाच पत्ता घालून आलेलं! दोन दिवस घोळवलं आणि सांगून टाकलं.

ती रागावली नाही, लाजलीही नाही. "सबंध कुठे ऐकते? पाणी भरलं की बंद करते," एवढंच म्हणाली. (खरंच होतं ते. वहीत एकही अभंग पुरता वाजलेला नव्हता.) मग जरा थांबून तिने विचारलं,

"यात सगळं ऐकलेलं निघतं?"

"सगळं."

"मग यांनी ऐकलेलं काढ की. ट्रान्झिस्टरवरचं."

रेडिओ कोणाचं काही लिहून ठेवत नसे, हे मी तिला समजावलं. तिला ते पटायला वेळ लागला. एवढं मोठं सिलोन, आणि एक वही नाही? शेवटी ती सरसावून बसली.

"तू मास्तर ना? मग घे वही. मी सांगते."

पहिली नोंद एका बुधवारची आहे, गीतमालेची. आतापर्यंत अकरा पानं झाली. वेळेच्या रकान्यात ती घड्याळ सांगत नाही, तिथी सांगते.