कधीपर्यंत?

भाजलेल्यांच्या वॉर्डात मी फिजिओथेरपिस्ट. माझी दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, ‘हात अजिबात हलवू नका.’ दुसरं, ‘हात हलवा, दुखलं तरी हलवा.’ दोन्ही एकाच माणसाला, एकाच हाताबद्दल, आठवड्याभरात सांगायची. ऐकणाऱ्याला वाटतं, या बाईंचं काही खरं नाही.

मांडीवरून काढलेला त्वचेचा पातळ थर हातावर लावला, की पहिले दीड-दोन दिवस त्यात रक्त पोचत नाही. जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तो तग धरतो. मग खालच्या-वरच्या केशवाहिन्यांची तोंडं जुळू लागतात आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत रक्त खेळायला लागतं. मधल्या काळात त्वचा जरा सरकली किंवा खाली रक्त साचलं, तर जुळू पाहणारं सगळं तुटतं. म्हणून कोपर सरळ, हात अंगापासून काटकोनात, स्प्लिंटमध्ये बांधलेला. साधारण पाचव्या दिवशी सर्जनबाई ड्रेसिंग उघडतात. त्वचा गुलाबी आहे, बोटानं दाबल्यावर पांढरी होऊन पुन्हा रंगते, कुठं सुटत नाही, असं दिसलं की त्या माझ्याकडे बघतात. सुरुवातीला हात पेशंटनंच उचलायचा, जमेल तेवढा. मी नुसता खालून आधार देते. ताणणं नंतरचं.

हे पेशंटला कसं सांगायचं? नोकरीच्या सुरुवातीला मला एक उपमा सापडली होती आणि मी तिच्यावर भलतीच खूश होते. देवगडकडच्या एक मावशी स्टोव्हच्या भडक्यात भाजल्या होत्या. उजवी काख आणि कोपराची आतली बाजू. घरची आंब्याची बाग. मी म्हटलं, ‘‘मावशी, हे कलमच समजा. बांधलेलं कलम कुणी हलवतं का?’’

‘‘नाय गो बाय. हललां तर गेलां.’’

मावशींनी हात दगडासारखा ठेवला. ग्राफ्ट सुरेख बसलं. मी व्यायाम शिकवले, त्यांनी माझ्यासमोर केलेही. आठवड्यानं दाखवायला या, असं सांगून त्यांना घरी सोडलं.

त्या आल्या महिन्यानं. हात जुन्या साडीच्या झोळीत, कोपर दुमडलेलं, काख मिटलेली. ‘‘तू सांगितलंस तसां जपलंय,’’ असं अभिमानानं म्हणाल्या. घरच्यांनी त्यांना साधा तांब्याही उचलू दिला नव्हता. मी हात सरळ करायला गेले, तर कोपर शेवटचे तीसेक अंश उलगडेना आणि काखेत दोरीसारखा पट्टा ताठ उभा राहिला.

चूक त्यांची नव्हती. माझं कलम अर्धंच खरं होतं. झाडाचं कलम जगलं की त्याला वाढू द्यायचं. भाजल्याचा व्रण भरून आला की आखडू लागतो. त्यातल्या मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी स्नायूसारख्या ओढ लावतात आणि व्रण निवायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. हात दुमडून छातीशी धरला की माणसाला बरं वाटतं. व्रण नेमका तसाच हात धरून ठेवतो. आराम म्हणजे इथं आखडण्याला दिलेली सवलत.

कोपर हळूहळू सुटलं. रात्री स्प्लिंट, दिवसातून चार-पाच वेळा ताण. त्वचा पांढरी पडेपर्यंत न्यायचं, तिथंच थांबायचं, सावकाश सोडायचं. शिवाय तेलानं मालिश आणि आंघोळ सोडली तर दिवसभर घट्ट दाबाची बाही. काख मात्र ऐकेना. दांडीवर साडी टाकायला त्यांना डावा हात लागे. शेवटी सर्जनबाईंनी तो पट्टा कापून तिथं पुन्हा मांडीची त्वचा लावली.

दुसऱ्या दिवशी मी पहिलं वाक्य घेऊन पलंगाशी उभी राहिले. तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, ‘‘हलवूचां नाय, म्हायती आसा. पण कधीपर्यंत, तां आधी सांग.’’

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि उत्तर मी कधी आपणहून दिलं नव्हतं. पलंगाच्या डोक्याशी कागद लावून मी त्यावर तारीख लिहिली. पेन्सिलीनं, कारण शेवटचा शब्द ड्रेसिंग उघडल्यावर त्वचेचाच. तेव्हापासून प्रत्येक पलंगाशी असा कागद असतो, आणि कलमाचं नाव मी काढत नाही.

त्या तारखेला सकाळी मी वॉर्डात पोचले, तेव्हा मावशी वेणीफणी उरकून कधीच्या उठून बसल्या होत्या.