पारदर्शिकांतील माणसे

माझे वडील कृषी खात्यात विस्तार कार्यकर्ते होते. चावडीच्या पांढऱ्या भिंतीवर पारदर्शिका, म्हणजेच स्लाइड, दाखवून ते शेतकऱ्यांना बांधबंदिस्ती समजावून देत. त्यांच्या पश्चात एका पत्र्याच्या पेटीतून सुमारे चारशे स्लाइड माझ्याकडे आल्या. त्यांतील बऱ्याचशा १९७२ च्या दुष्काळातील होत्या.

या स्लाइड घरीच संगणकावर उतरविण्याचे मी ठरविले. पुठ्ठ्याची चौकट दोन इंच चौरस; तिच्यातील चित्र अवघे २४ बाय ३६ मिलिमीटरचे. कॅमेरा खाली तोंड करून स्टँडवर बसविला आणि त्याला अगदी जवळचे टिपणारे मॅक्रो भिंग लावले. खाली एलईडीचा पांढरा प्रकाश, त्यावर दुधी ॲक्रिलिकची काच आणि काचेपासून बोटभर उंचीवर स्लाइड. म्हणजे काचेवरचे कण चित्रात उमटत नाहीत. स्लाइडच्या जागी आरसा ठेवून भिंगाचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा हलविला, की तो समांतर झाला असे समजावे. धूळ रबरी फुग्याने उडवावी, फुंकर मारू नये. हाताचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. इतके साधले, की एका संध्याकाळी शंभर स्लाइड सहज होतात.

खरी अडचण रंगांची होती. काही जुन्या फिल्मांतील निळसर रंगद्रव्य बंद पेटीच्या अंधारातही क्षीण होत जाते आणि चित्र तांबूस दिसू लागते. पडद्यावर खडी फोडणाऱ्या बायका, पाझर तलावाचा भराव, रिकामे आभाळ, सारेच तांबडे झाले होते. मूळ प्रत तशीच राखून दुसरीवर मी रंग सुधारू लागलो. पण किती सुधारावे, हे यंत्र सांगेना. आई जवळ येऊन बसली. "माती तांबडी नव्हती रे, काळी होती. भेगाळलेली," ती म्हणाली. मी मातीचा रंग तिच्या शब्दावर बेतला.

मग तिने माणसे ओळखायला सुरुवात केली. चौकटींवर वडिलांच्या अक्षरात 'नाला बांध', 'खडी केंद्र' एवढेच लिहिलेले होते. माणसांची नावे कोठेच नव्हती. घमेले उचललेली कोणाची सून, मागे झोळीत निजलेले कोणाचे मूल, हे आई सांगत गेली आणि मी प्रत्येक चित्राच्या क्रमांकापुढे लिहीत गेलो. साठ-सत्तर चेहरे तिलाही आठवले नाहीत. ते ओळखू शकणारे त्या गावांत आता थोडेच उरले असतील; त्यांच्याकडे छापील प्रती घेऊन जाण्याचे मी आरंभिले आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी पेटी असेल. कॅमेरा उसना मिळतो, प्रकाशाची सोयही होते. चित्रे उतरविताना घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे आणि त्यांनी सांगितलेली नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत, एवढीच विनंती.