अजून खालीच आहे

गिरगाव, शनिवार

ती. मामास,


फोनवर तुम्ही दर वेळी एकच विचारता, "किती मजले झाले गं?" मी "अजून खालीच आहे" म्हणते, आणि डोंबिवलीहून जो सुस्कारा ऐकू येतो त्यावर फोनवर काही बोलता येत नाही. परवा तर मामींनी बिल्डर पळाला की काय, असंच विचारलं. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी ऑफिसात बसून लिहितेय. तुमच्या चाळीच्या जागी चाललेल्या या बांधकामाशी आमच्या ऑफिसचा संबंध नाही, ते एका परीनं बरंच. पण आमचा धंदाच पायाचा, त्यामुळे चहाचा कप घेऊन चौथ्या मजल्याच्या खिडकीशी गेलं की नजर आपोआप तुमच्या खड्ड्यात उतरते.

निकाल आधीच सांगून टाकते. काम चालू आहे, आणि चांगलं चालू आहे. मजला एकही झालेला नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, ते सांगायला थोडा कागद लागेल.

चाळ पाडली तेव्हा अख्खी गल्ली मोबाइल घेऊन उभी होती. त्यानंतरचं बघायला कुणी थांबलं नाही. पत्रे लागले, फाटकावर वॉचमन बसला, आत एक तिकाटणं आणि एक खडखडणारं यंत्र आलं. बोअर मारत होते. जमिनीतून खडकाचे गोल दांडके काढून लाकडी पेट्यांमध्ये ओळीनं मांडतात, कुठल्या खोलीवरचा कोणता ते लिहून ठेवतात. लांबलचक सलग दांडके आले तर खडक चांगला. बोटाबोटाएवढे तुकडे आले तर तो फुटका. मुंबईचा दगड तसा भरवशाचा म्हणतात, पण आपल्याकडचा कातळ हा ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेला. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात साचलेली राख, गाळ, माती त्या थरांमध्ये सापडलेली असते. वर टणक काळा पाषाण लागतो, माणसं खूश होतात, आणि तीन मीटर खाली नखानं खरवडेल असा थर निघतो. म्हणून खडक लागला की थांबायचं नसतं, त्याच्या पोटात आणखी खाली जाऊन बघायचं असतं. तुमच्या प्लॉटवर ते यंत्र बरेच दिवस होतं, एका जागी नाही, चारी कोपऱ्यांत आणि मध्येही. तेव्हाच मला जरा बरं वाटलं.

कातळापर्यंत न जाता थांबणारे लोकही असतात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला मिलेनियम टॉवर नावाची 58 मजली इमारत आहे, 2009 साली पूर्ण झालेली. श्रीमंतांची वस्ती. तिचे पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले पायाचे खांब, खालच्या कातळापर्यंत नेलेच नव्हते, वरच्या दाट वाळूत थांबवले होते. इमारत खचली आणि एका बाजूला कलली. 2016 साली गोष्ट बाहेर आली, आणि मग कातळापर्यंत जाणारे नवे पाइल फूटपाथच्या बाजूनं घालून तिला आधार द्यावा लागला. वरचे 58 मजले जसेच्या तसे ठेवून पाया दुरुस्त करणं काय असतं, ते ज्यांनी केलं त्यांनाच विचारावं. त्या मानानं लाकडी पेट्या स्वस्त.

बोअरनंतर रिग आली, ते उंच पिवळं यंत्र, ज्याच्या आवाजानं समोरच्या जोशीकाकूंची दुपारची झोप गेली. प्लॉटच्या कडेनं एकाला एक खेटून गोल भोकं पाडायची. वरची वाळू, चिखल ओलांडून खडकात शिरायचं, आत सळयांचा पिंजरा सोडायचा, आणि लांब नळीनं तळापासून वर काँक्रीट भरत यायचं, म्हणजे भोकातला गढूळ द्रव वर ढकलला जातो. असं चौफेर केलं की जमिनीतच एक भिंत तयार होते. खोदायला सुरुवात व्हायच्या आधी भिंत. हे लोकांना उलटं वाटतं. पण अशी गल्ली, दोन्ही अंगांना शंभरीच्या इमारती, मधूनच मेट्रो-3 चा बोगदा. इथे आधी खोदून मग भिंत बांधायला गेलं तर शेजारची इमारतच खड्ड्यात उतरायची.

मग पोकलेन उतरले. वरचा भराव, त्याखाली शिंपल्यांची वाळू, मग काळा चिकट गाळ, मग मुरूम, मग कातळ. वाळूपर्यंत भराभर जातात, कातळाशी येऊन गाडी अडते. आजूबाजूला जुन्या भिंती असताना सुरुंगाचं नाव काढायची सोय नाही, ब्रेकरनं दिवस दिवस ठोकत बसायचं. शिवाय सरळ खाली जाताच येत नाही. थोडं खोदायचं, भिंतीतून तिरपी भोकं मारून तारांचे अँकर मागच्या खडकात रोवायचे, भोकात भरलेलं सिमेंटचं ग्राउट सुकू द्यायचं, जॅकनं ताणून बांधायचे, मग पुढचा टप्पा. मेट्रोच्या बाजूला अँकर मारायला अर्थातच मिळालं नाही. तिकडे लोखंडी तुळया आडव्या टेकू म्हणून लावल्यात. त्या तुळयांच्या मधून पोकलेनचा हात घालून खोदणारा जो पोऱ्या होता त्याचं काम बघण्यासारखं होतं. आमच्या ऑफिसातली दोन माणसं त्याला बघायला जेवणाचा डबा खिडकीत उभं राहून खायची.

यात महिने गेले. तुम्हाला वाटतं वेळ काढताहेत. अँकरचं ग्राउट सुकायची वाट न बघता जो खाली जातो, त्याच्याबद्दल मला काळजी वाटली असती. आमच्या इमारतीच्या जिन्यात जुन्या भेगेवर काचेची एक पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवलीय. भेग हलली तर काच तडकणार. एक मुलगा ठरलेल्या दिवशी येतो, पट्टी बघतो, गल्लीतल्या खुणांची उंची मोजतो, वहीत लिहितो आणि जातो. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पट्टी अजून शाबूत आहे.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे येते. तुम्ही म्हणालात, "खड्डा तयार झाला, मग चोवीस तास पंप कसले चालवतात? पाणी असं किती असणार?"

मामा, तुम्ही बँकेत जन्मभर हिशेब केलात, तर हा एक करून बघा. आपल्याकडे दोन मीटर खाली पाणी लागतं. राफ्टचा, म्हणजे पायाच्या सलग जाड काँक्रीटच्या थराचा, तळ रस्त्यापासून चौदा मीटरवर धरा. म्हणजे पंप बंद केले तर राफ्टखाली बारा मीटर पाण्याचा दाब. एक मीटर पाणी दर चौरस मीटरला एक टन जोर लावतं, म्हणजे बारा टन, खालून वर. अडीच मीटर जाड राफ्टचं वजन साधारण सव्वासहा टन. उरलेले पावणेसहा टन कोण दाबून धरणार? वर तर अजून काहीच नाही. रिकामं पातेलं पिंपातल्या पाण्यात दाबून हात सोडला की जसं उसळतं, तसं हे तळघर वर यायला बघतं. म्हणून वर पुरेसे स्लॅब पडून इमारतीला स्वतःचं वजन येईपर्यंत पंप बंद करायचे नसतात. जिथे वर टॉवर नाही, नुसता मोकळा पोडियम आहे, तिथे कायमचे अँकर घालून राफ्ट खडकाला बांधून ठेवतात. आपण समजतो इमारत जमिनीवर बसलेली असते. पहिली काही वर्षं तिला खाली धरून ठेवावं लागतं.

ही तळघरं कशासाठी, हेही सांगून टाकते, कारण त्याचा मला राग आहे. तीन मजले गाड्यांसाठी. चाळीत जिन्याखाली सायकल ठेवण्यावरून तुमची आणि कुलकर्ण्यांची भांडणं व्हायची. आता विक्रीच्या फ्लॅटांना प्रत्येकी दोन-दोन गाड्या हव्यात, नियमांनाही पार्किंग हवं, म्हणून समुद्रापासून हाकेच्या अंतरावर कातळ फोडून चौदा मीटर खाली जायचं. तुम्हाला मिळणाऱ्या घराला जो उशीर होतोय, त्यातला बराचसा या गाड्यांचा आहे. हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी बोलणार नाही.

गेल्या पंधरवड्यात राफ्टचा मोठा भाग ओतला. संध्याकाळी सुरू केलं, कारण दिवसा अवजड गाड्यांना या भागात शिरायची बंदी, आणि रात्रीची हवाही बरी. ट्रान्झिट मिक्सरची रांग पार मुख्य रस्त्यापर्यंत. मध्ये थांबायची सोय नसते. आधीचा थर घट्ट व्हायच्या आत पुढचा पडला नाही तर तिथे सांधा राहतो, आणि पुढे पाणी तिथूनच आत येतं. लॉस एंजेलिसला विल्शायर ग्रँडचा राफ्ट 2014 च्या फेब्रुवारीत असाच एका दमात ओतला होता, एकवीस हजार घनयार्डांवर काँक्रीट, दोन हजारांहून जास्त खेपा. त्याचा जागतिक विक्रम झाला, बँडसुद्धा वाजवला म्हणे. आपल्याकडे बँड नव्हता, पण सळई बांधणारी मालदा-मुर्शिदाबादकडची पोरं आपलं काम संपलेलं असूनही काठावर बसून बघत होती. त्यांनी बांधलेलं जाळं आता कुणालाच दिसणार नाही. अंगठ्यापेक्षा जाड सळया, थरावर थर, इतक्या दाट की व्हायब्रेटरची नळी घालायला जागा शोधावी लागत होती.

दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानदारानं विचारलं, "ताई, एवढ्या उन्हात त्यावर थर्मोकोल का पांघरलाय?" सिमेंट घट्ट होताना तापतं. एवढ्या जाड राफ्टच्या पोटातली उष्णता बाहेर पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पोट गरम आणि पाठ गार झाली की तडे जातात. म्हणून मिश्रणात आधीच सिमेंट कमी करून राख किंवा भट्टीची स्लॅग घालतात, काही पाण्याऐवजी बर्फ टाकतात, पोटातलं तापमान सत्तर अंशांच्या आत राखायला बघतात, आणि वरून पांघरूण घालून पाठही गरम ठेवतात. आतून वायरी बाहेर काढलेल्या दिसतात ना, त्या तापमान मोजायच्या. एक पोरगा रात्रीसुद्धा टॉर्च घेऊन आकडे उतरवत होता.

आता राफ्टमधून लिफ्टच्या भिंतींच्या सळया वर आल्यात आणि मध्ये टॉवर क्रेनचा पाया झालाय. क्रेन लागली की पुढे तळघरांचे स्लॅब, मग रस्त्याची पातळी. महापालिका आधी जोत्यापर्यंतचीच परवानगी देते. जोतं तपासून झालं की वरची. त्यामुळे तिथे पुन्हा काही दिवस काम थांबल्यासारखं दिसेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

घाबरायचं कधी, तेही लिहून ठेवा. शिकागोत 2007 साली एका प्रचंड उंच टॉवरचं काम सुरू झालं. 76 फूट खोल गोल खड्डा झाला, 2008 च्या मंदीत पैसे आटले, आणि शहराच्या मध्यभागी तो खड्डा दहा वर्षांहून जास्त तसाच राहिला. वर मजले चढल्यावर काम अडलं तर निदान बँकेला तारण दिसतं. खड्ड्यात अडलं तर कुणाच्याच कामाचं राहत नाही, उलट शेजाऱ्यांच्या जिवाला घोर. म्हणून मजले मोजू नका. पंपांचा आवाज चालू आहे का, मोजणीचा मुलगा येतो का, मिक्सर येताहेत का, हे विचारा. ते मी खिडकीतून सांगू शकते. बिल्डरकडून भाड्याचा चेक वेळेवर येतो का, हे मात्र तुम्हालाच माहीत, आणि मला ते या सगळ्यापेक्षा आधी कळायला हवं. एकाही महिन्याचा उशीर झाला तर संकोच न करता फोन करा.

पुढच्या मीटिंगला जाल तेव्हा तीन गोष्टी लेखी मागा: राफ्टच्या काँक्रीटचे अठ्ठावीस दिवसांच्या क्यूब चाचणीचे निकाल, जोत्याच्या परवानगीची प्रत, आणि तळघराच्या वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची ते. सेक्रेटरी "टेक्निकल आहे" म्हणतील. म्हणू द्या, पण कागद घेतल्याशिवाय उठू नका. मामींना सोबत न्या, त्या उठत नाहीत.

तुमची,
मीनल

ता. क. : करारनाम्यातलं भाडेवाढीचं पान फोटो काढून पाठवा. गेल्या वेळचा फोटो आडवा आणि अर्धाच आला होता.