समुद्राकाठचा आसरा

सहलीच्या मुक्कामी खोलीत शिरलात की आधी काय शोधता? टीव्ही, हो ना? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या 'असिलोमार'ला गेलात, तर तो सापडायचा नाही. खोल्यांमध्ये तो ठेवलेलाच नाही! गप्पा मारायच्या तर सगळ्यांनी दिवाणखान्यातल्या दगडी शेकोटीपाशी जमायचं.

स्पॅनिश भाषेत 'असिलो' म्हणजे आसरा, 'मार' म्हणजे समुद्र. १९१३ साली मुलींच्या शिबिरांसाठी हे ठिकाण सुरू झाले. दगड आणि रेडवूड लाकडाच्या जुन्या इमारतींचे आराखडे ज्युलिया मॉर्गन यांचे. कॅलिफोर्नियात वास्तुरचनेचा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री! सुटीत इथे काम करणाऱ्या मुलींच्या इमारतीचं नाव मात्र 'स्टक-अप इन', म्हणजे शिष्टांची धर्मशाळा. मुलांची 'पायरेट्स डेन', चाच्यांची गुहा!

१९५६ पासून ही जागा राज्याची झाली. आता खोली भाड्याने घेऊन कुणीही राहावं. वाळूच्या टेकड्यांवरून मात्र लाकडी पायवाटेनेच चालायचं, नाहीतर तिथली नाजूक रोपटी तुडवली जातात.

फेब्रुवारी १९७५ मध्ये इथे सुमारे १४० जण जमले, बहुतेक शास्त्रज्ञ. एका जीवाचे जनुक दुसऱ्यात जोडण्याची युक्ती त्यांना नुकतीच साधली होती. पण त्यातून एखादा घातक जंतू निपजला तर? म्हणून काही प्रयोग त्यांनी आपणहून थांबवले होते. इथल्या प्रार्थनागृहात दिवसच्या दिवस वाद झडले. शेवटी ठरलं, प्रयोग करायचे, पण धोका जितका मोठा, बंदोबस्त तितका कडक. अतिधोक्याचे प्रयोग तूर्त बंदच!